आईचं ९७, माझं ७४, आणि ऑक्सिजन दोघांच्याही डोळ्याला कमी?

सातवी_गल्ली | १६ सप्टेंबर, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

ऑगस्टअखेर आम्ही पाच जण लडाखला गाड्या घेऊन गेलो होतो. मनाली, सरचू, लेह, नुब्रा, पँगाँग, हानले आणि शेवटी उमलिंग ला, १९,०२४ फूट. बोर्डाजवळ फोटो काढताना डोकं ठणकत होतं, पण ते सगळ्यांचंच ठणकत होतं. एकाकडं ऑक्सिमीटर होता, माझं ७४ आलं. हसलो, फोटो काढला, उतरलो.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बँकेत स्लिप भरताना लक्षात आलं की डाव्या डोळ्यानं बघितलं की खाते क्रमांकातला एक आकडा गायब होतोय. अगदी मधोमध नाही, जरा उजवीकडं. काचेवर तेलकट अंगठा उमटावा तसा करडा ठिपका. चष्मा पुसला, डोळा धुतला, ठिपका तिथंच. दुखत नाही, खुपत नाही, लाल नाही.

डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. पडद्यावर चार-पाच जागी रक्त सांडलंय, शिरा फुगून नागमोडी झाल्यात, वरच्या विरळ हवेत ऑक्सिजन कमी पडला म्हणून. बहुतेक आपोआप जाईल, तीन आठवड्यांनी या म्हणाले.

इथवर समजलं. पण त्याच आठवड्यात आईलाही दाखवलं. वय ६८, शुगर १७ वर्षांची. तिला लेझर सांगितलंय, आणि कारण काय, तर पडद्याला ऑक्सिजन कमी पडतोय! आईनं घरी येऊन आधी कोरोनातला ऑक्सिमीटर शोधला, त्यात सेल घातले आणि बोट घातलं. ९७. म्हणाली, "मी काय हिमालयात गेले होते व्हय? कमी कुठं आहे दाखव." तिचा महिन्याभरातला सगळ्यात लांबचा प्रवास महाद्वार रोडपर्यंतचा. मला काही उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असा, की ७४ वाला मी आणि ९७ वाली आई, दोघांना एकच कारण कसं?

तांबडा_पांढरा | रात्री १०.२०

आधी उमलिंग लाचे फोटो टाका, मग निदान करू.

अनुस्वार | रात्री १०.३१

एक दुरुस्ती. वरच्या हवेत ऑक्सिजनचं *प्रमाण* कमी नसतं. कोल्हापुरात २१ टक्के, उमलिंग लावरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. साधारण साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे कण निम्मेच येतात.

तांबडा_पांढरा | रात्री १०.३३

म्हणजे कमीच की वो.

अनुस्वार | रात्री १०.३४

फरक आहे.

चिकित्सक_मी | रात्री ११.०५

मला हे पटत नाही. माझ्या मते हा उन्हाचा त्रास. तिथलं ऊन भयंकर, बर्फावरून उलटं डोळ्यात येतं. गॉगल नीट नसेल तर डोळा भाजतो. माझ्या भावाला रोहतांगला झालं होतं. हवेचा संबंध जोडणं म्हणजे उगाच घाबरवणं.

पडदानशीन | १७ सप्टेंबर, सकाळी ७.१५

(आयडी गमतीनं घेतलाय. मी पडद्याची डॉक्टर आहे, बुरख्याचा संबंध नाही. इथं कुणाला तपासत नाही, माहितीपुरतं लिहिते.)

@चिकित्सक_मी, तुमच्या भावाला झालं ते बर्फांधळेपण. त्यात डोळ्याची पुढची काच भाजते. काही तासांतच वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही, आणि दोन-तीन दिवसांत बरं वाटतं. धागाकर्त्याचं दुखत नाही आणि रक्त मागच्या पडद्यावर आहे. ही वेगळी गोष्ट. उंचीवर पडद्यात रक्तस्राव होतात याची पहिली नोंद आपल्याच देशातली आहे. १९६९ साली भारतीय सैन्यातल्या डॉक्टरांनी हिमालयात चढवलेल्या जवानांच्या आजारांवर जे लिहिलं त्यात ती सापडते.

आता मूळ प्रश्न. पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, पण वजनाच्या मानानं शरीरात सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्यांपैकी एक. त्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं. आतल्या थरांना मिळतं ते एका बारीक धमनीतून. ती डोळ्याच्या नसेबरोबर आत येते आणि पडद्यावर फांद्या पसरते. बाहेरच्या थरात, म्हणजे जिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात तिथं, एकही रक्तवाहिनी नाही. त्यांना मागच्या कोरॉइड नावाच्या थरातून पाझरून मिळतं. डोळ्यातलं बहुतेक रक्त या कोरॉइडमधूनच वाहतं, पडद्याच्या स्वतःच्या वाहिन्यांत त्याचा अगदी छोटा वाटा येतो. कोरॉइडमधून परत निघालेल्या रक्तातला ऑक्सिजन फारसा खर्चही झालेला नसतो. पडद्याच्या धमनीतलं रक्त मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऑक्सिजन देऊन बाहेर पडतं.

ओपीडी उघडायचीय. बाकी रात्री.

भोगावतीकाठ | सकाळी ९.४०

ताई, मी शेतकरी मानूस, माझ्या हिशोबानं सांगतो, चुकलं तर कान धरा. शेत एकच, पानी दोन. बांधापलीकडनं नदी वाहत्या, तिचा वलावा खालनं येतोय, त्यो कोरॉइड. आनि वरनं एक पाइप, त्याला बारीक बारीक नळ्या, त्यो धमनीचा कारभार. नदीकाठच्या सरीला काळजी न्हाय. पाइपवाल्यानं मातूर काटकसरीनंच भागवायचं. बरोबर काय?

पडदानशीन | दुपारी २.०८

दादा, मला विद्यार्थ्यांना शिकवायला इतकी वर्षं हे सुचलं नाही.

सुभेदार_निवृत्त | दुपारी ३.३०

मनालीहून निघून दुसऱ्या रात्री सरचूला मुक्काम केलात? सरचू ४,३०० मीटरच्या आसपास आहे. ही चूक दरवर्षी शेकडो पोरं करतात. आम्हाला वर चढवताना टप्प्याटप्प्यानं थांबवून, तपासून मगच पुढं सोडायचे. ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं. गाडी पळते म्हणून रक्त पळत नाही.

डोळ्याचं म्हणाल तर अनुभव सांगतो. अठरा हजार फुटांवरच्या चौकीत रात्रीची ड्यूटी. कंदील तोच, वात तीच, पण वर गेल्यावर पहिल्या रात्री सगळं मळकट दिसायचं. वाटलं काच काजळलीय. पुसली, तरी तसंच. एका साथीदाराला बरं नव्हतं म्हणून सिलिंडर उघडला होता. गंमत म्हणून मीही मास्क लावून पाच-सहा श्वास घेतले. आणि आईशप्पथ, कंदील कुणीतरी मोठा केल्यासारखा झाला! मास्क काढला, पुन्हा मंद. दिवसा कधी जाणवलं नाही. असं का, ते आजतागायत कुणी सांगितलं नाही.

रंकाळ्याची_हवा | दुपारी ३.४८

सुभेदारसाहेब, अंगावर काटा आला. अजून लिहा.

देवाघरची_फुलं | सायंकाळी ५.०२

मी रोज सकाळी दीर्घश्वसन करते, शिवाय डोळ्यात गाईच्या तुपाचा एक एक थेंब. पन्नाशीतही चष्मा नाही. पडद्याला ऑक्सिजन द्यायचा तर श्वासच वाढवायला हवा, इतकं साधं आहे. लेझर कशाला?

तांबडा_पांढरा | सायंकाळी ५.०६

तूप पुरणपोळीवर. डोळ्यात का वाया घालवता?

पडदानशीन | रात्री ९.५०

आली एकदाची.

@सुभेदार_निवृत्त, तुमच्या कंदिलाचं उत्तर फार सुंदर आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी उजेडात कमी आणि *अंधारात* जास्त ऑक्सिजन खातात. अंधारात त्यांच्यात विद्युतभारित कणांचा प्रवाह सतत चालू असतो, आणि आत आलेले कण पंपानं बाहेर फेकत बसावं लागतं. प्रकाश पडला की तो प्रवाह थांबतो आणि पंपाचं काम हलकं होतं. प्राण्यांच्या डोळ्यात सूक्ष्म तारा घालून मोजलं, तेव्हा अंधारात या पेशींच्या थरात ऑक्सिजन जवळजवळ शून्याला टेकलेला आढळला, तोही साध्या हवेत. म्हणजे शिल्लक काही नाहीच. त्यात वरून पुरवठा घटला की पहिला फटका रात्रीच्या नजरेला. वैमानिकांना शिकवतात की पाच हजार फुटांपासूनच रात्रीची नजर मंदावायला लागते. तुम्ही तर अठरा हजारांवर होतात.

@देवाघरची_फुलं, रक्तातला ऑक्सिजन आधीच ९७ असेल तर दीर्घश्वसनानं त्यात फार काही भरता येत नाही. उलट गंमत बघा. निरोगी माणसाला शुद्ध ऑक्सिजन हुंगायला दिला तर पडद्याच्या रक्तवाहिन्या *आक्रसतात* आणि रक्तप्रवाह बराच कमी होतो. ऑक्सिजन कमी केला तर त्या फुगतात आणि प्रवाह वाढतो. पडदा आपली गरज आपणच सांभाळतो. दीर्घश्वसन जरूर करा, मनाला बरं वाटतं. तूप मात्र नको. स्वयंपाकघरातला कुठलाच पदार्थ डोळ्यासाठी निर्जंतुक नसतो.

अनुस्वार | रात्री १०.०४

दिवा बंद केल्यावर मीटर जोरात फिरतो, असं पहिल्यांदाच ऐकतोय. आपणच सांभाळतो म्हणजे मेंदूच्या हुकमाविना?

पडदानशीन | रात्री १०.११

हो, हेच खरं गमतीचं. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना मेंदूकडून येणारी हुकमाची नसच नाही. ऑक्सिजन घटला की आसपासच्या पेशींतून जी रसायनं सुटतात, त्यांनी तिथल्या तिथं भिंत सैल होते. कोरॉइडला मात्र अशा नसा भरपूर आहेत, पण ऑक्सिजन कमी-जास्त झाल्याची दखल तो फारशी घेत नाही.

भोगावतीकाठ | रात्री १०.३०

हे तर आमच्या राधानगरीचं धरण झालं! सात स्वयंचलित दरवाजे. पानी पातळीला आलं की आपसूक उघडत्यात, वीज नको, सायबाची ऑर्डर नको. म्हंजे पडदा राधानगरी, आनि कोरॉइड दुसरं धरण. तितं दार उघडायचं तर वरनं फोन याय लागतोय.

रस्सेवाली | रात्री १०.३८

"जगात भारी कोल्हापुरी" डोळ्यातसुद्धा 😂

अनुस्वार | रात्री १०.४४

उपमा छान, पण उलटी आहे. राधानगरीचे दरवाजे पाणी जास्त झालं की उघडतात. इथं ऑक्सिजन कमी झाला की वाहिन्या उघडतात.

भोगावतीकाठ | रात्री १०.४७

आवो सर, झोपा आता.

पडदानशीन | रात्री ११.०२

दोघंही बरोबर. पण धागाकर्ते दरवाजापाशीच फसलेत. वर ऑक्सिजन घटला, वाहिन्या फुगल्या, रक्ताचा लोंढा वाढला. इथवर शरीर शहाणपणानं वागलं. पण भिंती ताणल्या गेल्या, ऑक्सिजनच्या तुटवड्यानं त्यांची वीणही विसविशीत झाली, त्यात खोकला, जोर, गाडी उचलणं. कुठंतरी केशवाहिनी फुटली आणि रक्त सांडलं. चढण जितकी घाईची तितका धोका जास्त. बहुतेकांना कळतही नाही, कारण रक्त कडेला असतं. बघण्याच्या केंद्राजवळ आलं तरच ठिपका दिसतो. खाली उतरल्यावर काही आठवड्यांत ते शोषलं जातं.

पैलवान_गंगावेस | १८ सप्टेंबर, सकाळी ६.१०

ताई, आमच्या तालमीतल्या एका पोराच्या डोळ्यात असंच रक्त आलं होतं. दीडशे किलो उचलताना दम धरला आणि खाली ठेवल्यावर म्हणाला डोळ्यापुढं लाल पडदा आला. कोल्हापूरची उंची साडेपाचशे मीटर. मग त्याला ऑक्सिजन कमी पडला का?

पडदानशीन | सकाळी ७.०५

नाही, तो दाबाचा मामला. दम कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, तो शिरांतून डोळ्यापर्यंत पोचतो आणि केशवाहिनी फुटते. सांडलेलं रक्त सारखंच, कारण वेगळं. जोर लावताना श्वास सोडायला शिकवा त्यांना.

पैलवान_गंगावेस | सकाळी ७.०९

वस्ताद पन्नास वर्षं हेच ओरडतायत. आज डॉक्टरांचं नाव सांगून ओरडतो.

चिकित्सक_मी | सकाळी १०.२२

मान्य. ऊन मागे घेतो. पण आईंच्या ९७ चं उत्तर अजून आलेलं नाही, धागा राधानगरीला जाऊन अडकलाय.

सातवी_गल्ली | सकाळी १०.४०

मीही तेच म्हणणार होतो. आई रोज सकाळ-संध्याकाळ बोट घालून बघतेय. आज ९८ आलं, तर लेझर रद्द करा म्हणते.

पडदानशीन | रात्री १०.१५

आईंना सांगा, यंत्र खोटं बोलत नाही, पण ते बोटाचं बोलतं.

भोगावतीकाठ दादांचंच शेत घेते. मुख्य पाइपला पाणी पूर्ण दाबानं आहे. मीटर तिथं बसवलाय, तो ९७ दाखवतो. पण शेवटच्या बारीक नळ्या आतून चोंदल्यात. त्या सऱ्या वाळतायत आणि मीटरला पत्ता नाही. धागाकर्त्याच्या बाबतीत पाइपमध्येच पाणी कमी होतं, नळ्या ठणठणीत. म्हणून दोघांच्या पडद्याचं गाऱ्हाणं एकच.

साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्याच्या केशवाहिन्यांना धरून ठेवणाऱ्या पेशी मरायला लागतात. भिंतीला फुगे येतात, ते आम्हाला लाल ठिपक्यांसारखे दिसतात. पुढं काही वाहिन्या कायमच्या बंद पडतात. हातात पिवळं औषध टोचून फोटो काढतात ना, अँजिओग्राफी, त्यात चालू वाहिन्या उजळतात आणि बंद भाग काळा राहतो, दिवे गेलेल्या कॉलनीसारखा.

आता खरी भानगड. उपाशी पडदा मरून गप्प बसत नाही, तो हाका मारतो. आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ सालीच अंदाज केला होता की ऑक्सिजन कमी पडलेल्या पडद्यातून काहीतरी द्रव्य सुटत असणार, ज्यानं नव्या वाहिन्या फुटतात. ते द्रव्य हाती लागायला चार दशकं गेली. त्याचं नाव व्हीईजीएफ. १९९४ मध्ये मधुमेह्यांच्या डोळ्यातल्या द्रवात ते वाढलेलं सापडलं. आणि ऑक्सिजन घटल्याचं पेशीला मुळात कळतं कसं, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना. पेशीत हिफ नावाचं प्रथिन सतत तयार होतं आणि ऑक्सिजन असेल तोवर सतत मोडलं जातं. ऑक्सिजन घटला की मोडणं थांबतं, हिफ साठतं आणि व्हीईजीएफ बनवायचा हुकूम सुटतो.

अडचण अशी, की या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. जिथं पाहिजे तिथं न जाता पडद्याच्या पृष्ठभागावर वेलीसारख्या चढतात, गळतात, फुटतात. डोळ्यात रक्त भरतं, आणि पुढं वाळून आकसताना त्या पडदाच ओढून सोडवतात.

भोगावतीकाठ | रात्री १०.३६

कळलं. पानी येत न्हाय म्हनून लोकं रातीत बेकायदा जोड घेत्यात. जोड कच्चा, गल्लीभर चिखल, आनि पानी कुनालाच न्हाय.

मीठभाकर | रात्री १०.५०

दादा, तहानेनं व्याकूळ माणसाला बेकायदा म्हणू नका हो. मूळ दोष नळ्या चोंदल्याचा.

अनुस्वार | रात्री १०.५३

मग लेझर म्हणजे काय, नळ्या साफ करणं?

पडदानशीन | रात्री ११.०८

सगळ्यांना तसंच वाटतं. नाही. लेझरनं बंद वाहिनी उघडत नाही. कडेच्या पडद्यावर हजार-दीड हजार बारीक डाग देऊन तिथल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुद्दाम जाळतात. सगळ्यात खादाड त्याच. त्या कमी झाल्या की मागच्या कोरॉइडचा ऑक्सिजन तिथून पुढं आतल्या थरापर्यंत पोचतो, हाका थांबतात, कच्च्या वाहिन्या सुकतात. मोबदल्यात कडेची आणि रात्रीची नजर थोडी जाते, मधली वाचते. दुसरा उपाय डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांचा, ती व्हीईजीएफलाच पकडून ठेवतात. कुणाला काय लागेल ते तपासून ठरतं.

भोगावतीकाठ | रात्री ११.२०

हे मातूर काळजाला लागलं. पानी पुरंना म्हनून बांधाकडंचा ऊस तोडायचा आनि मधला जगवायचा. एका दुष्काळात मी सवता केलंय. तोडताना हात चालत न्हाय.

मीठभाकर | १९ सप्टेंबर, दुपारी १२.३०

मी लिहू का नको म्हणत होते. माझी मुलगी २९ आठवड्यांची जन्मली, ११५० ग्रॅम. नवजातांच्या अतिदक्षता विभागात तिच्या पेटीवर सॅच्युरेशनचं यंत्र, आणि सिस्टर सतत ऑक्सिजनची चकती मागं-पुढं करायच्या. आकडा ९५ च्या वर गेला की कमी करायच्या! माझा जीव वरखाली. एकदा भांडलेच, की पोरगी एवढीशी, पूर्ण १०० द्या ना. सिस्टर म्हणाल्या, "ताई, जास्त दिलं तर डोळे जातील." मला वाटलं टाळतायत.

तिसऱ्या आठवड्यात पडद्याचे डॉक्टर आले. पापण्यांत बारीक तारेची कमान घालून डोळा उघडा ठेवतात, कपाळावर दिवा, हातात भिंग. ती एवढीशी मूठ वळून रडायची आणि मी काचेबाहेर. दोन तपासण्यांनंतर लेझर करावं लागलं. आज तिसरीत आहे, चष्मा आहे, आणि वर्गात फळ्यावरचं सगळ्यात आधी तीच लिहून घेते.

ताई, त्या सिस्टर बरोबर होत्या ना?

पडदानशीन | दुपारी २.१५

शंभर टक्के. गर्भात पडद्याच्या वाहिन्या नसेच्या टोकापासून निघून हळूहळू कडेकडे वाढत जातात, कानाकडच्या कडेला पोचेपर्यंत नऊ महिने जवळजवळ भरतात. बाळ आधीच जन्मलं तर कडेचा भाग कोराच असतो. त्यात जास्त ऑक्सिजन दिला की पडद्याला वाटतं सगळं भरपूर आहे, हाक थांबते, वाहिन्यांची वाढ थांबते. पुढं पडदा मोठा होतो, त्याची भूक वाढते, वाहिन्या नाहीत, मग एकदम आरडाओरडा आणि कच्च्या वाहिन्यांचं रान. १९४०-५० च्या दशकांत नव्या पेट्यांत मुक्तहस्तानं ऑक्सिजन दिला गेला आणि जगभर हजारो बाळं आंधळी झाली. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडं बोट दाखवलं. गायक स्टीव्ही वंडर याच पिढीतला.

वाचणाऱ्यांसाठी: बाळ ३४ आठवड्यांआधीचं किंवा दोन किलोहून कमी वजनाचं असेल तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत पडदा तपासून घ्यायचाच. फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.

रंकाळ्याची_हवा | दुपारी २.४०

मीठभाकर, लेकीला खूप आशीर्वाद.

शिरोलीकर | रात्री ८.२५

आमच्याकडं उलटं झालं. सासरे सकाळी दात घासताना म्हणाले, उजव्या डोळ्यापुढं अंधार आला. दुखत काहीच नव्हतं. रात्रपाळी करून आलेत, झोप नाही, असेल काहीतरी म्हणून झोपवलं. संध्याकाळी उठले, तसंच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं. मुख्य धमनीत गुठळी. नजर आली नाही. चूक आमची, दुसऱ्या कुणाची नाही. डॉक्टरांनी फोटो दाखवला, पडदा दुधाळ आणि मधोमध लाल चेरीसारखा ठिपका. तो लाल का, ते विचारायचं भान नव्हतं.

पडदानशीन | रात्री ९.४०

मधला भाग फार पातळ असतो, तिथं आतले थर जवळजवळ नाहीतच. त्याला मागून कोरॉइड पोसतो. म्हणून बाकी पडदा सुजून दुधाळ होतो आणि तिथून मागचा लाल रंग तेवढा दिसत राहतो. दोन पाण्यांपैकी एक तुटलं की काय होतं, ते एका चित्रात.

मूळचे पंजाबचे डॉ. सोहनसिंग हायरे यांनी माकडांवर प्रयोग करून वेळ मोजली होती. धमनी साधारण दीड तास बंद ठेवून सोडली तर पडदा सावरत होता. चार तासांनंतर जवळजवळ काहीच वाचत नव्हतं. तेव्हा एका डोळ्याची नजर अचानक, न दुखता गेली तर वाट बघू नये. तो डोळ्याचा पक्षाघातच. थेट मोठ्या रुग्णालयात, मेंदू आणि हृदयाचीही तपासणी तिथंच. शिरोलीकर, हे बहुतेकांना माहीत नसतं. स्वतःला फार बोल लावू नका.

तांबडा_पांढरा | रात्री १०.०१

आज विनोद सुचत नाही.

पडदानशीन | रात्री १०.०६

जाता जाता. भोगावतीकाठ दादा, चार दिवस तुम्ही आम्हाला शिकवताय. तुमची स्वतःची शुगर किती वर्षांची?

भोगावतीकाठ | रात्री १०.१९

कोन म्हनलं मला शुगर हाय?

पडदानशीन | रात्री १०.२१

चहाच्या धाग्यावर तुम्हीच लिहिलंय, "बारा वर्षं बिनसाखरेचा पितोय."

भोगावतीकाठ | रात्री १०.३०

सापडलो. पन मला झ्याक दिसतंय ताई. चार एकराच्या पल्याडचं पाखरू वळखतो.

पडदानशीन | रात्री १०.३३

कडेच्या सऱ्या वाळल्या तरी मधल्या उसाला कळत नाही. पुष्कळ पुढं जाईपर्यंत दिसण्यात फरक पडत नाही. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा बघून घ्यायचा.

भोगावतीकाठ | रात्री १०.३५

गळीत हंगाम झाल्यावर बघू.

सातवी_गल्ली | ९ ऑक्टोबर, रात्री ९.१५

धागा वर काढतोय. आज तपासणी झाली. आधीचा फोटो आणि आजचा शेजारी शेजारी लावून दाखवले. तीन डाग पूर्ण गेले, केंद्राजवळचा एक पिवळट पुसट उरलाय. शिरा सरळ झाल्यात. खाते क्रमांक पूर्ण वाचता येतो, फक्त पांढऱ्या भिंतीवर बघितलं तर एक फिकट सावली दिसते. पुढच्या वर्षी स्पिती ठरलंय, डॉक्टर म्हणाले आधी हे पूर्ण जाऊ दे, आणि गेलात तर हळू चढा. सुभेदारसाहेब, तुमचे ५०० मीटर ग्रुपवर टाकलेत, दोघांनी आत्ताच कुरकुर केली.

आईचं लेझर दोन वेळा झालं. तिला शेताची गोष्ट वाचून दाखवली. ऊस तोडायच्या भागाशी थांबली, परत वाच म्हणाली. माहेर शेतकऱ्याचं आहे. मग काही न बोलता तयार झाली. हनुवटी टेकवून बसायचं आणि हिरवा उजेड टक टक टक. बाहेर आल्यावर म्हणाली, "फटाक्यांच्या माळेत डोकं घातल्यासारखं वाटलं." ऑक्सिमीटरचे सेल काढून आता रिमोटला घातलेत.

सुभेदार_निवृत्त | रात्री ९.३८

कुरकुर करणाऱ्यांचे नंबर पाठवा.

मीठभाकर | रात्री ९.४५

आईंना नमस्कार सांगा 🙏

भोगावतीकाठ | १४ ऑक्टोबर, दुपारी ४.५०

आजोबांच्या वतीने नातू टाइप करतोय, कारण त्यांच्या डोळ्यात थेंब घातलेत आणि त्यांना मोबाइल धूसर दिसतोय. ते सांगतायत तसंच लिहितो.

ताई, आलो जाऊन. दोन्ही डोळ्यात लाल ठिपके हायत म्हनं, डाव्यात तीन, उजव्यात पाच. लेझर नको, इंजेक्शन नको, साखर आनि बीपी धरून ठेवा, सहा महिन्यांनी या. नळ्या अजून चालू हायत. बाहेर आल्यावर उन्हात डोळं उघडंनात, नातवानं हात धरून स्टँडवर आनलं. आनि पाखरू काय, समोरची येष्टी वळखू येईना.

(आजोबा विचारतायत थेंब कधी उतरणार. म्हणतायत रात्री पाणी धरायचंय.)

पडदानशीन | सायंकाळी ५.३०

चार-सहा तासांत उतरेल. आज पाण्याची पाळी नातवाला द्या.